वजनाचा तक्ता सगळ्यांना सारखा लावा

लष्कर भरतीच्या मेडिकलला वजनाचा जो तक्ता लावतात, तो आमच्याकडच्या भरतीच्या पोरांना तोंडपाठ असतो. महाराष्ट्रातल्या पोराला जीडीसाठी, म्हणजे जनरल ड्यूटीच्या शिपाई पदासाठी, १६८ सेंटिमीटर उंची लागते. या उंचीला कमीत कमी वजन ५०.८ किलो. वरची मर्यादा वयाप्रमाणे बदलते. विशीपर्यंत ६२.१, तिशीपर्यंत ६४.९, चाळिशीपर्यंत ६७.७ आणि त्यापुढे ७०.६. आता एकोणीस वर्षं अकरा महिन्यांचा, ६४ किलोचा पोरगा डोळ्यांसमोर आणा. आज तो ओव्हरवेट. महिन्याभराने विसावं संपलं की त्याच वजनाला तोच पोरगा फिट!

मी उदगीर भागात शाळेत खेळ शिकवतो आणि पहाटे भरतीच्या पोरांचं ग्राउंड घेतो. हे सगळं जवळून बघतो, म्हणून लिहितोय.

तक्ताच नको, असं माझं म्हणणं नाही. तो असलाच पाहिजे. भारतीय माणसाच्या अंगात त्याच वजनाच्या युरोपियन माणसापेक्षा चरबी जास्त असते, ती पोटावर साठते आणि साखरेचा आजार लवकर गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच सावध व्हायला सांगितलं, ते यामुळेच. पाठीवर ओझं घेऊन उंचावर चढणाऱ्या जवानाचं वजन सुटलेलं असेल तर आधी त्याचे गुडघे जातात, मग हृदयावर ताण येतो, आणि वेळ आली तर त्याला उचलून आणायला दुसरे चौघे लागतात. मर्यादा बरोबर आहे. माझं भांडण ती कुणाला किती कडक लागते याच्याशी आहे.

आमच्याकडे तालमीतली पोरं भरतीला जातात. जोर-बैठका, माती, खुराक यावर वाढलेलं अंग. अशा एका पोराचं उदाहरण देतो. वय एकोणीस, उंची १६८, वजन ६६. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत, म्हणजे ६० पैकी ६० मार्क. दहा पुलअप्स, म्हणजे ४० पैकी ४०. नऊ फुटांचा खड्डा हसत ओलांडला. मेडिकलला ओव्हरवेट. पोटाला चिमटीत धरायला कातडं सापडत नव्हतं, अशा पोराला कागदावर ‘वजन जास्त’.

अशा पोरांसाठी नियमातच वाट ठेवलेली आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. कुस्ती, बॉक्सिंग, बॉडीबिल्डिंग करणाऱ्याला मर्यादेपेक्षा जास्त वजन चालतं. बीएमआय २५ च्या आत हवा, कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, कंबर आणि नितंबाचं प्रमाण ०.९ च्या खाली हवं, रक्ताचे रिपोर्ट चांगले हवेत. आमचा पोरगा यातल्या कशातच अडला नसता. अडला तो शेवटच्या अटीत, खेळाचा कागदोपत्री पुरावा. कुठून आणणार? तो जत्रेतला पैलवान. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून उरसात शेवटच्या जोडीपर्यंत पोचलेला. जत्रेत फेटा मिळतो, इनाम मिळतं, हलगी वाजते, सर्टिफिकेट कुणी देत नाही. शहरातल्या जिममध्ये जाणारा, जिल्हा स्पर्धेत नाव नोंदवणारा मुलगा याच नियमातून सुटतो. नियम दोघांना एकच, पण त्याचा फायदा ज्याच्याकडे फाइल आहे त्यालाच मिळतो.

दुसऱ्या टोकाला ५०.८ किलोसुद्धा न भरणारी पोरं आहेत, आणि मराठवाड्यात तीच जास्त. आई-बाप दिवाळीनंतर कारखान्याला ऊस तोडायला गेलेले, पोरगं आजीजवळ. भाकरी, ठेचा, कधी पिठलं. हरभरे भिजवून खा म्हणून आम्ही सांगतो, शेंगदाणे-गूळ देतो, पण अठरा वर्षांत जे पोटात गेलं नाही ते सहा महिन्यांत कसं भरून निघणार? मग वजनाच्या दिवशी पोरं डझनभर केळी खातात आणि पोट फुटेस्तोवर पाणी पितात. ज्यांचं वजन जास्त आहे ती उलटं करतात. दोन-दोन दिवस पाणी तोडतात आणि जर्किन घालून उन्हात पळतात. आमच्या मे महिन्यातल्या उन्हात! हे जीवावर बेतणारं आहे. माझ्या ग्राउंडवर मी हे करू देत नाही, पण घरी जाऊन कोण काय करतं ते कळत नाही.

पोरगा आत गेला तरी काटा सुटत नाही. अग्निवीर असेल तर चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम होणार, त्यामुळे त्याचा प्रत्येक किलो मोजला जातो. कायम असलेल्या जवानाचं वजन मर्यादेबाहेर गेलं की लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची खालची श्रेणी मिळते, कोर्स आणि प्रमोशन अडतं. हे सगळं योग्य, फक्त ते वरपर्यंत तसंच लागलं पाहिजे. सुट्टीवर आलेले फौजी पारावर बसून बोलतात, त्यात हा विषय निघतोच. ढेरीवाल्या साहेबाची पीटी टेस्ट कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न. लष्करालाही तो पटलेला दिसतो. २०२४ च्या सुरुवातीला नव्या धोरणाच्या बातम्या आल्या होत्या. तपासणी एकट्या सीओवर, म्हणजे युनिटच्या प्रमुखावर, न ठेवता ब्रिगेडियर दर्जाच्या अधिकाऱ्याचं मंडळ, सोबत मेडिकल ऑफिसर, आणि नापास अधिकाऱ्याला सुधारायला तीस दिवस. मला हे मनापासून आवडलं. आपल्याच हाताखालच्या माणसाने आपली चाचणी घ्यायची, यात चाचणी खरी होतच नाही.

अमेरिकेतही हेच चाललंय. ३० सप्टेंबर २०२५ ला त्यांचे संरक्षण प्रमुख पीट हेगसेथ यांनी क्वांटिकोच्या लष्करी तळावर जनरल-ॲडमिरल बोलावून, लठ्ठ जनरल चालणार नाहीत म्हणून सुनावलं. चारचौघांत असं बोलणं मला पटत नाही. थायरॉइडने, स्टेरॉइडच्या औषधाने, मोडलेल्या गुडघ्याने वजन वाढलेलं असू शकतं, ते डॉक्टरच्या खोलीत बघायचं असतं. पण शिस्त वरून सुरू झाली पाहिजे हे खरंच आहे. त्यांच्या आर्मीचा त्याआधीचा एक निर्णय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. २०२३ मध्ये त्यांनी ठरवलं की फिटनेस टेस्टमध्ये ६०० पैकी ५४० मार्क घेणाऱ्या सैनिकाची चरबी टेपने मोजायची नाही. जो इतका पळतो, इतकं उचलतो, त्याचं शरीर काय करू शकतं हे त्याने दाखवलेलंच असतं.

आपल्याकडेही तेवढंच करावं. ग्राउंडवर शंभरपैकी शंभर घेणारा पोरगा फक्त वजनावर अडला, तर त्याच दिवशी त्याची कंबर मोजा, रक्त तपासा आणि मग ठरवा. कागद मागू नका.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. उदगीर, अहमदपूर, जळकोट, देवणी भागातल्या जत्रा कमिट्यांना आणि तालमीच्या वस्तादांना माझी विनंती आहे. यंदापासून प्रत्येक कुस्तीची नोंद ठेवा. पैलवानाचं नाव, वजनगट, तारीख, निकाल लिहून, सही-शिक्क्यानिशी द्या. तालुका तालीम संघाशी बोलून जिल्हा स्पर्धेत पोरांची नावं घाला. नमुना मी तयार करून ठेवलाय, ज्यांना पाहिजे त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो.