डेव्हलपरकडे फीचर कसं मागावं

पहिलं पथ्य, ॲपमधलं हेल्पचं पान उघडायचं नाही. ते वाचलं की निम्म्या मागण्या जागच्या जागी मरतात, आणि मग डेव्हलपरला लिहिणार काय तुम्ही? फोनच्या सेटिंग्ज आपोआप बदलणारं ॲप टाकलंय म्हणजे तुम्ही मुळात वेळेची किंमत असलेला माणूस, दिवसातून दोनदा फोन सायलेंट करायला जे चार सेकंद जातात ते वाचवायला तुम्ही तीन रात्री जागून नियम बनवलेत, इतके वाजले की हे कर, ते ब्लूटूथ जोडलं की आवाज तेवढा कर, आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की आपल्याला नेमकं जे पाहिजे तेच यात नाहीये. किंवा आहे. पण पथ्य म्हणजे पथ्य.

रिक्वेस्टची सुरुवात "फक्त" या शब्दाने करावी. "फक्त एक छोटंसं बटण टाका, दोन ओळींचा कोड असेल." तुम्ही जन्मात कोड लिहिलेला नाही म्हणून तर ओळींचा आकडा इतका नेमका सांगता येतो, ज्याने लिहिलाय तो बिचारा "बघावं लागेल" म्हणत बसतो.

आता मागायचं काय? जे सिस्टीमने काढून घेतलंय ते. यात अभ्यास लागतो, म्हणजे तुम्हाला नाही, डेव्हलपरला. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.२ आलं आणि एअरप्लेन मोड साध्या ॲपच्या हातातून गेला. २०१४ मध्ये ५.० बरोबर मोबाइल डेटा चालू-बंद करणं गेलं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने वायफायची किल्ली काढून घेतली आणि २०२२ मध्ये १३ ने ब्लूटूथची. कमरेच्या जुडग्यातून एकेक किल्ली काढून घ्यावी तसं चाललंय. नव्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपने वायफाय बंद कर म्हटलं की सिस्टीम न चुकता नाही म्हणते, कारण वगैरे काही नाही, नुसतं नाही. तुम्ही मात्र लिहायचं, "पूर्वी चालायचं." बस्स. कुठल्या फोनवर, कुठल्या आवृत्तीवर, त्या वेळी फोन रूट केलेला, म्हणजे सिस्टीमची कुलुपं तोडलेला होता का, यातलं काही सांगायचं नाही. "पूर्वी चालायचं" याला जगात उत्तर नाही.

डेव्हलपर तरी चिवट असतो. म्हणेल, काही सेटिंग्जसाठी फोन एकदा कॉम्प्युटरला जोडा आणि एडीबीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायच्या साधनातून, एक कमांड द्या, परवानगी कायमची मिळेल. यावर आधी दुखावून जायचं, मी काय हॅकर आहे का वगैरे, आणि दुसऱ्या दिवशी नवीन रिक्वेस्ट पाठवायची की ही कमांड ॲपलाच आपोआप देता येईल का.

परमिशनच्या बाबतीत तुमची भूमिका स्वच्छ असावी: एकही द्यायची नाही. मी ऑफिसात पोचलोय हे फोनला कळलं पाहिजे, पण मी कुठे आहे हे फोनला कळता कामा नये. डेव्हलपर लोकेशन मागेल, लगेच संशय व्यक्त करा. मग तुम्हीच तोडगा सुचवा, लोकेशन कशाला, ऑफिसच्या वायफायच्या नावावरून ओळखा की! तो सांगेल की अँड्रॉइड ९ पासून नुसतं वायफायचं नाव वाचायलासुद्धा लोकेशनची परवानगी लागते, वर लोकेशन चालूही असावं लागतं. हे ऐकून "बघा, म्हणजे तुम्हाला लोकेशन हवंच आहे" असं म्हणायची संधी सोडू नका.

आणि समजा दिलीत एकदाची परवानगी, तर मग कसर राखायची नाही. मीटिंगरूममध्ये शिरलो की सायलेंट, बाहेर जिन्यात आलो की रिंग. आता या भौगोलिक कुंपणाची, म्हणजे ज्याच्या आत-बाहेर गेलं की नियम चालतो त्या नकाशावरच्या वर्तुळाची, त्रिज्या निदान १०० ते १५० मीटर ठेवा असा खुद्द गूगलचाच सल्ला आहे, म्हणजे त्या वर्तुळात तुमची मीटिंगरूम, जिना, पार्किंग आणि शेजारची इमारत सुखाने नांदतात. शिवाय अँड्रॉइड ८ पासून पडद्यामागे चालणाऱ्या ॲपला लोकेशन तासातून मोजक्या वेळाच मिळतं. पण हा त्याचा प्रॉब्लेम. तुम्ही लिहा, "बॅटरी न खाता, लगेच."

बॅटरीवरून आठवलं. ॲप जिवंत राहावं म्हणून वरच्या पट्टीत एक कायमचं नोटिफिकेशन असतं ना, ते डोळ्यात खुपतं, ते काढायला लावा. ॲपला बॅटरी सेव्हरमध्ये टाका. अधूनमधून चालू ॲप्सच्या यादीतून बोटाने भिरकावून द्या, हात मोकळा होतो. मग सकाळी सातचा नियम सातला चालला नाही, पावणेआठला चालला, की जळजळीत पत्र लिहा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून न हलता पडलेला फोन गाढ झोपतो आणि ॲप्सची कामं मागे ढकलतो, अँड्रॉइड १२ पासून ठरल्या मिनिटाला उठवायची वेगळी परवानगी मागावी लागते, त्यावर काही कंपन्यांचे फोन स्वतःच्या हौसेने ॲप्स मारत सुटतात. हे सगळं खरं आहे हो. पण गळा डेव्हलपरचा जवळ पडतो.

खरी कलाकुसर मात्र नियमांच्या भांडणात आहे. रात्री अकरानंतर आवाज शून्य हा तुमचा एक नियम, हेडफोन लावला की आवाज ऐंशी टक्के हा दुसरा. रात्री साडेअकराला हेडफोन लावलात, आता कुणाचं ऐकायचं? डेव्हलपर प्राधान्यक्रम लावा म्हणतो, वर-खाली सरकवायची यादी देतो. छे! उत्तर साधं आहे, त्या वेळी मला जो हवा असेल तो. आणि नियम संपला की सगळं "आधी होतं तसं" करा. आधी म्हणजे कधी, हे विचारायचा गाढवपणा डेव्हलपर करतोच. नियम सुरू होण्याआधी आवाज साठ होता, मधे तुम्ही हाताने तीस केला, मधेच दुसरा नियम येऊन चाळीस करून गेला आणि तो अजून संपलेलाच नाही, तर परत साठ करायचा की तीस की थांबायचं? या एका "आधी होतं तसं"पायी माणसं आठवडेच्या आठवडे घालवतात असं मला एकाने सांगितलंय, त्याचा चेहरा बघून खरं वाटलं.

मीही काही कमी नाही. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा फोन केला तर सायलेंटमध्येही रिंग वाजावी, कारण काहीतरी तातडीचं असणार, अशी मागणी मी चांगली दोन पानं भरून, उदाहरणांसकट पाठवली होती. उत्तर एका ओळीचं आलं. ते फोनच्या स्वतःच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये आहे, पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल आत सोडायची सेटिंग चालू करा. मी थोडा वेळ गप्प बसलो आणि मग लिहिलं, "पण तुमच्या ॲपमध्ये पण असायला हवं." नांगी टाकायची नसते.

"मी झोपलो की" ही मागणी आयुष्यात एकदा तरी करावी. फोनला कसं कळणार ते आपण बघायचं नाही. डेव्हलपर देईल चार्जर लावलाय, स्क्रीन पालथी आहे, खोलीत अंधार आहे, अकरा वाजून गेलेत, अशा अटी आणि त्या जोडायला "आणि", "किंवा", वर कंस. तेव्हा म्हणायचं, एवढे पर्याय कशाला, सामान्य माणसाला समजेल असं ठेवा जरा. पुढच्या अपडेटला त्याने ते सगळं एका पडद्याआड लपवलं की अटी कुठे गेल्या म्हणून विचारायचं.

पाठपुरावा दर तीन दिवसांनी. मजकूर "काही अपडेट?" एवढाच. फुकटची आवृत्ती वापरत असाल तर रोज.

आणि एखाद्या दिवशी तुमचं फीचर खरंच येईल. अपडेटच्या माहितीत शेवटून दुसरी ओळ असेल, तुम्ही ती वाचणार नाही, कारण पथ्य. दोन महिन्यांनी तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवाल, तो कळवेल की आलंय की, तिसऱ्या मेनूत सगळ्यात खाली बघा. इतक्या खाली कोण बघतं? वर आणायला लावा. आणेल तो. मग सवयीने बोट खाली जाईल, बटण तिथे नसेल, तेव्हा एक स्टार द्यायचा आणि लिहायचं, "पूर्वी चालायचं."