चेन ढिली नाहीये हो, ती तेवढीच ठेवायची असते!

माझी अ‍ॅडव्हेंचर बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पण न्यायची मोटरसायकल, सर्व्हिसिंगला दिली तेव्हा जॉब कार्डवर मी स्वतः पेन मागून घेऊन लिहिलं होतं, "चेन टाइट करू नये, स्लॅक मॅन्युअलप्रमाणे ठेवावा". खाली रेघ मारली, दोनदा. (स्लॅक म्हणजे चेन बोटाने ढकलली की जेवढी हलते ती मोकळीक.) काउंटरवरच्या पोराला वाचून पण दाखवलं, त्याने मान डोलावली, हो सर म्हणाला. आणि संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर बिलावर काय छापलंय, "चेन क्लीन, लूब, टाइट". टाइट! अरे नेमकं जे करू नका म्हणून लिहून दिलं तेच केलंत? मग मी लिहिलं कशाला, वाचलं कोणी?

तिथेच खाली बसलो आणि खालच्या चेनला मधोमध बोटाने वर ढकललं. पंधरा मिमी हलली असेल नसेल. गाडी साइड स्टँडवर, वर कोणी बसलेलं नाही, पॅनियर, म्हणजे बाजूच्या सामानाच्या पेट्या, रिकामे, आणि चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये साइड स्टँडवर ४५ ते ५० मिमी दिलंय, चित्रासकट, कुठे मोजायचं त्या बाणासकट. पान उघडून मोबाइलवर सुपरवायझरला दाखवलं. त्याने बघितलं पण नाही नीट. म्हणतो, "सर, ढिली चेन उतरते, आवाज करते, आम्ही सगळ्या गाड्यांना एवढीच ठेवतो."

सगळ्या गाड्यांना एवढीच! इथेच तर घोडं पेंड खातंय. ही सगळ्या गाड्यांसारखी गाडी नाहीये म्हणून तर मी घेतली ना? रोजच्या कम्युटरला, म्हणजे ऑफिसला न्यायच्या साध्या बाइकला, २० ते ३० मिमी स्लॅक बरोबर आहे, कारण तिचं मागचं चाक वरखाली होऊन होऊन किती होणार. अ‍ॅडव्हेंचर गाडीचं चाक जवळजवळ दुप्पट हलतं. यामाहाच्या तेनेरे ७०० ला मागे २०० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक तेवढं वरखाली होऊ शकतं, रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ला पण २०० मिमी. एवढं चाक वर आलं की चेनचं काय होतं हे ज्याला कळत नाही त्याने या गाडीला पाना लावूच नये, असं माझं स्पष्ट मत झालंय आता.

आणि हे समजायला काही इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही हो. मागचं चाक स्विंगआर्मला, म्हणजे वरखाली होणाऱ्या मागच्या दांडीला असतं, स्विंगआर्म एका पिव्हटभोवती, म्हणजे बिजागरीसारख्या खिळीभोवती फिरतो, आणि इंजिनमधून बाहेर आलेलं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, त्या पिव्हटच्या थोडं पुढे असतं. दोघांचं केंद्र एक नाही, म्हणून चाक वरखाली झालं की पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर बदलत राहतं. पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) हे तिन्ही एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त, म्हणजे चेन सगळ्यात ताठ. गाडी रिकामी उभी असते तेव्हा चाक खाली लटकलेलं असतं, त्यामुळे चेन लोंबल्यासारखी दिसते. दिसणारच! ती ढिली झालेली नसते, ती पुढे ताण येणार म्हणून राखून ठेवलेली जागा असते. मेकॅनिक सेंटर स्टँडवर गाडी चढवतो, लोंबणारी चेन बघतो, आणि त्याचा हात आपोआप पान्याकडे जातो. मग मी बसतो, मागे बायको बसते, दोन पॅनियर भरतात, गाडी अर्धी तिथेच दबते, आणि पुढे एक चांगला खड्डा आला की चेनमध्ये द्यायला काहीच शिल्लक राहिलेलं नसतं. तेव्हा सस्पेन्शन चेनला बांधल्यासारखं अडकतं. तो झटका जातो कुठे? पुढे आउटपुट शाफ्टच्या, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या इंजिनच्या दांड्याच्या बेअरिंगवर, त्याच्या ऑइल सीलवर, मागे व्हील बेअरिंगवर. चेन ढिली राहिली तर फार तर स्विंगआर्मवरचं रबर घासेल, खडखड करेल, अगदीच लोंबायला लागली तर उतरेल, ते मला माहितीये आणि मी ते दर आठवड्याला बघतो. पण जास्त ताठ चेन गप्प बसून आतल्या आत गाडी खाते. दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हे सगळं मी पुस्तकात वाचून बोलत नाहीये, माझ्या गाडीला भोगलंय. दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतर अशीच ताणून दिली होती, तेव्हा मलाही एवढं कळत नव्हतं, नवीनच होतो या प्रकारच्या गाडीत. वाटलं कंपनीची माणसं आहेत, करतात ते बरोबरच असेल. तशीच घेऊन तीन आठवड्यांच्या लांबच्या राइडला गेलो, सामान फुल्ल, रस्ता अर्धा कच्चा. दहाव्या दिवशी मागून घुंईघुंई असा आवाज यायला लागला, साठच्या पुढे वाढायचा, खाली आलो की कमी. आधी वाटलं टायरचा आवाज, नॉबी, म्हणजे मोठ्या गुटक्यांचे टायर आहेत, करतात आवाज. एका ठिकाणी थांबून मागचं चाक उचललं, वरखाली धरून हलवलं तर ठकठक लागत होतं हाताला. व्हील बेअरिंग गेलेलं. अनोळखी गावात दोन दिवस बेअरिंग शोधण्यात गेले, बायको लॉजच्या खोलीत बसून, सुट्टीचे दोन दिवस मातीत. परत आल्यावर इथे सांगितलं तर म्हणाले पाण्यातून घातली असेल सर गाडी. अहो घातली, अ‍ॅडव्हेंचर गाडी आहे, घातली पाण्यातून! पण चेन कोणी ताणली?

तिसऱ्या वेळी तोंडी सांगितलं. तरी तेच. म्हणून या चौथ्या वेळी लिहून दिलं. अजून काय करायचं माणसाने, स्टँप पेपरवर द्यायचं का?

आणि चेन नुसती ताणलेली नाही, वाकडी पण ताणलीये. स्विंगआर्मच्या दोन्ही टोकांना खुणा असतात, अ‍ॅडजस्टर कितव्या रेघेवर आहे ते दोन्हीकडे सारखं पाहिजे. माझ्या गाडीला उजवीकडे चौथी रेघ आणि डावीकडे चार आणि पाचच्या मधे. म्हणजे चाकच तिरकं! दोन रेघा बघायला किती वेळ लागतो? दहा सेकंद? आणि एक्सलचा नट इम्पॅक्ट गनने टर्रर्र करून आवळलेला, टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, भिंतीवर टांगलेला मी स्वतः बघितला, त्यावर धूळ होती. एवढ्या जाड एक्सलच्या नटला शंभर न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क असतो, तो मोजून द्यायचा असतो, आणि नट आवळताना चाक थोडं सरकतं म्हणून स्लॅक परत तपासायचा असतो. गनने आवळला की झालं, पुढची गाडी. उद्या रस्त्यात मला पंक्चर झालं तर माझ्या टूलकिटमधल्या त्या एवढ्याशा पान्याने तो नट सुटणार आहे का? मी अंधारात, मध्येच कुठेतरी, पाइप शोधत फिरायचं का?

रात्री घरी आणून सगळं परत सोडवलं. तो नट सोडवायला पान्यावर उभा राहिलो अक्षरशः. दोन्ही बाजू मोजल्या, सारख्या केल्या, चाक हळूहळू पूर्ण फिरवून बघितलं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एखादी जागा ताठ असते, त्या जागी मोजायचं असतं. मग भावाला आणि त्याच्या मित्राला वर बसवलं, गाडी दाबायला लावली, आणि तिन्ही केंद्रं एका रेषेत आल्यावर चेन थोडी हलतेय ना ते बोटाने बघितलं. हलली. तेव्हा कुठे जिवात जीव आला. सगळं धरून पाऊण तास. माझ्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला पाऊण तासात जमतं, मग ज्यांचं पोटच यावर आहे त्यांना का नाही जमत?

पण तेवढ्यावर भागलं नाही ना. हात काळे झालेच होते म्हणून पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर पण उघडलं. आत काळा चिखल, तो असतोच, चेन लूब उडतं आणि त्यात धूळ बसते. सगळा पुसून काढला, शाफ्टच्या भोवतीचा भाग कापडाने अगदी कोरडा केला आणि तसाच ठेवून झोपलो. सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद केलं, टॉर्च मारून बघतो तर शाफ्टच्या खाली पातळ तेलाची एक ओली रेघ. चेन लूब जाड असतं, चिकट, हे पातळ, बोटाला लावलं की सरळ पसरतं. इंजिन ऑइल. सील रडतंय. शाफ्ट हाताने वरखाली हलवून बघितला तर किंचित खेळतोय असं वाटलं, त्यामुळे आता बेअरिंगची पण भीती बसलीये. ते बदलायचं म्हणजे इंजिन खोलावं लागणार, आणि माझ्या गाडीचं इंजिन या लोकांनी खोलायचं या नुसत्या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो.

गेलो परत. वॉरंटी चालू आहे अजून. काय ऐकायला मिळालं सांगू? "सर, चेन अ‍ॅडजस्टमेंट हा कस्टमर मेंटेनन्सचा भाग आहे, चेनमुळे झालेलं डॅमेज वॉरंटीत येत नाही." म्हणजे तुम्ही ताणायची, मी नको म्हणून लिहून द्यायचं, तुम्ही तरी ताणायची, आणि त्याने सील गेलं की जबाबदारी माझी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बिल समोर आपटलं, "टाइट" शब्दावर बोट ठेवलं, जॉब कार्डची कार्बन कॉपी मागितली. कॉपी सापडत नाहीये म्हणे. मग एक जण म्हणाला धुळीने पण सील जातं. जातं, मला मान्य आहे, धूळ आत गेली की सीलची कड खाते. पण मग ते तपासून सांगा ना, काढून दाखवा, शाफ्ट किती खेळतोय ते डायल गेजने मोजून दाखवा. नुसतं तोंडाने ठोकून द्यायचं आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं, हे नाही चालणार.

मला त्या पोरांचा राग नाहीये एवढा, खरं सांगतो. त्या पोराच्या हातात दिवसाला किती गाड्या असतील, त्याला कोणी शिकवलंच नसेल. मला राग त्यांचा येतो जे ही गाडी विकताना मोठमोठे फोटो लावतात, डोंगर, वाळू, नदी, उडणारा दगड, आणि ती सांभाळणाऱ्याला एक पान मॅन्युअल वाचायला लावत नाहीत. हा प्रकार काही काल जन्माला आला का? बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली १९८० साली, जिच्यापासून हा सगळा सेगमेंट सुरू झाला असं मानतात. आणि तिला तर चेनच नव्हती, चेनऐवजी चाक फिरवणारा शाफ्ट, म्हणजे दांडा होता, हा तापच नव्हता. मिडसाइझमध्ये शाफ्ट घातला तर वजन वाढतं, किंमत वाढते, म्हणून चेन देतात, आणि चेन चांगलीच आहे, हलकी आहे, रस्त्यात बदलता येते, मला चेनच आवडते. पण चेन दिलीत तर ती कशी ठेवायची हे तुमच्याच माणसांना माहीत नको?

स्पोकचं तर मी बोलतच नाही. पुढे २१ इंची स्पोकचं चाक आहे, खराब रस्त्यावर स्पोक ढिले पडतात, स्क्रू ड्रायव्हरने एकेक वाजवत गेलं की नीट असलेला टणकन वाजतो आणि ढिला ठप्प बोलतो, लहान मूल सांगेल फरक. चार सर्व्हिसिंगमध्ये एकदाही कोणी वाजवलेलं नाही, चेकलिस्टमध्ये मात्र चारही वेळा बरोबरची खूण आहे. आणि प्रेशर वॉशर थेट व्हील बेअरिंगच्या सीलवर मारतात, चेनवर मारतात, चेनच्या कड्यांमधल्या त्या ओ-रिंगच्या, म्हणजे बारीक रबरी वळ्यांच्या आत कंपनीने ग्रीस भरून ठेवलेलं असतं त्याच्यावर पाण्याचा फवारा! एकदा तर तारेच्या ब्रशने घासताना बघितलं, ओरडलोच तिथे. जाऊ दे, तो विषय काढला तर रात्र जाईल.

आता सद्यस्थिती अशी की गाडी घरी सेंटर स्टँडवर उभी आहे, शाफ्टखाली पुठ्ठा ठेवलाय, रोज सकाळी त्यावरचा डाग पेनाने आखून तारीख घालतो आणि फोटो काढतो. चार दिवसांत चार वर्तुळं झालीत, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठं. स्विंगआर्मवर पांढरी टेप लावून मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, "स्लॅक ४५ ते ५० मिमी, चेनला हात लावू नये". लेखी तक्रार ईमेलने केलीये, बिलाचा फोटो, मॅन्युअलचं पान, पुठ्ठ्याचे फोटो सगळं जोडून. उत्तर आलं की सोमवारी गाडी घेऊन या, सीनिअर टेक्निशियन बघतील. जाणार आहे, सुट्टी टाकलीये. कव्हर उघडताना मी शेजारी उभा राहणार, काढलेलं सील माझ्या हातात पाहिजे, आणि ते मिळाल्याशिवाय मी सोमवारी तिथून हलणार नाहीये.