गाडीचा ब्लोअर खडखडला म्हणजे मोटर गेली, हे खरं नाही

कापसाच्या गाड्या जिनिंगला लागल्या आणि पहाटेचा गारठा वाढला की ड्रायव्हर मंडळींच्या मोबाइलवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हीटर लावल्यावर डॅशबोर्डमागचा पंखा, म्हणजे ब्लोअर, कडकड करत असेल तर मोटर गेली, नवीन टाका. खर्च नको असेल तर पंखा चालू ठेवून जाळीतून डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) किंवा खोबरेल तेल मारा. तेही जमत नसेल तर पंखा फुल स्पीडवर ठेवा, आवाज दबतो. फ्यूज उडत असेल तर मोठा टाका. आणि शेवटी, हीटरचा पंखा वेगळा असतो, विदर्भात थंडी किती दिवसांची, तेव्हा बंद ठेवला तरी काही बिघडत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. हा मेसेज वाचून लोक नवी मोटर विकत घेऊनच माझ्याकडे येतात. "भाऊ, जुनी गेली, हे टाकून द्या." जुनी काढून पाहिली तर बहुतेकदा ती धडधाकट असते. शेतकऱ्याचा पैसा असा जाताना पाहवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कडकड म्हणजे मोटर गेली." आधी आवाज नीट ऐका. टिक-टिक किंवा फडफड येत असेल आणि स्पीड वाढवल्यावर तीही भरभर होत असेल, तर पंख्याच्या पात्यांत काहीतरी अडकलेलं आहे. गाडी उभी असताना गार सकाळी चिर्र असा आवाज येऊन पाच-दहा मिनिटांत कमी होत असेल, तर बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी, कोरडं पडलंय. नुसती घरघर आणि डॅशबोर्डला थरथर असेल, तर पात्यांवर एका बाजूला धूळ बसून तोल गेलाय. आणि पंखा बंद असतानाही गरम-गार करताना आत कट-कट वाजत असेल, तर तो पंख्याचा आवाजच नव्हे. हवा वळवणाऱ्या फ्लॅपच्या छोट्या मोटरचा प्लॅस्टिकचा दाता तुटलेला असतो. तिथे ब्लोअरची मोटर बदलून उपयोग शून्य.

अडकतं काय, हे आपल्या भागात सांगायला फार विचार करावा लागत नाही. बाहेरची हवा वायपरच्या खालच्या जाळीतून आत येते. गाडी आपण लावतो कडुनिंबाखाली. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत त्याची पानं, काड्या त्या जाळीतून थेट पंख्यात उतरतात. एसी फिल्टर असलेल्या गाडीत काही कचरा अडतो, पण कित्येक मालवाहू गाड्यांना फिल्टरच नसतो. दुसरा पाहुणा उंदीर. घरात कापसाची गंजी, बाजूला गाडी, आणि उंदराला सरकी आवडते. ब्लोअरची डबी त्याला कोरडी, अंधारी, बंदिस्त जागा मिळते. पंखा काढल्यावर ओंजळभर कापूस, सरकीची टरफलं आणि कुरतडलेले कागद निघतात. हे साफ करताना मात्र कॉम्प्रेसरची हवा मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. तोंडाला रुमाल, हातात मोजे, आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. आजूबाजूच्या वायरी कुरतडल्यात का तेही तेव्हाच बघायचं.

बऱ्याच गाड्यांत हा ब्लोअर क्लीनर साइडला (ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडे), डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागे किंवा खाली असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मोटरचं कपलर काढा, बहुधा तीन स्क्रू खोला, मोटर पंख्यासकट खाली येते. पिंजऱ्यासारखा गोल पंखा मऊ ब्रशने साफ करा. त्याच्या पात्यांवर कुठे पत्र्याची बारीक क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नका, कारखान्यात तोल साधण्यासाठीच ती लावलेली असते. पंखा बोटाने फिरवून पाहा, दांडा वर-खाली, आडवा हलवून पाहा. दांडा आडवा हलत असेल किंवा आतून जळका वास येत असेल, तर मोटर खरंच संपली. तेव्हा नवीन टाका, माझी काहीच हरकत नाही.

आता तेल. "चालू पंख्यावर डब्ल्यूडी-४० मारा" हे वाचून मला खरोखर भीती वाटते. गाडीचा ब्लोअर बहुतेक करून १२ व्होल्टच्या कार्बनच्या मोटरवर चालतो. कार्बन, म्हणजे वीज पोचवणारा तुकडा, जिथे कम्युटेटरवर, म्हणजे दांड्यावरच्या तांब्याच्या फिरत्या कड्यावर, घासतो तिथे फिरताना बारीक ठिणग्या पडतच असतात. स्प्रेच्या डब्यावर ज्वालाग्राही असल्याचं चिन्ह छापलेलं असतं, आणि तो वाफारा आपण बंद डॅशबोर्डच्या आत, त्या ठिणग्यांवर सोडायचा? आग लागली नाही तरी तेल आणि कार्बनची भुकटी मिळून काळा चिखल तयार होतो. कम्युटेटरच्या फटी त्याने भरल्या की चांगली मोटर खराब होते. शिवाय जाळीतून मारलेला स्प्रे बुशपर्यंत पोचतो कुठे? तो पात्यांवर बसतो, त्यावर धूळ चिकटते, आणि तोल आणखी जातो.

खोबरेल तेलाचं तर आपल्या घरातच दिसतं. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर असताना, म्हणजे हीटर लागतो नेमका तेव्हाच, बुशमध्ये तेलाऐवजी घट्ट गोळा असणार.

बुश खरंच कोरडं असेल तर मोटर बाहेर काढून, दांड्याच्या टोकाशी असलेल्या बुशवर शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब द्या. थेंब कार्बनच्या बाजूला जाऊ देऊ नका. हाताने फिरवा, जास्तीचं पुसा. हे बुश सच्छिद्र धातूचं असेल तर तेल शोषून घेतं, म्हणून थोडा वेळ तसंच राहू द्या. घासून ढिलं झालेलं बुश मात्र तेलाने भरून येत नाही.

"फुल स्पीडवर ठेवा." साध्या, स्विचवाल्या ब्लोअरमध्ये खालच्या स्पीडला वीज रेझिस्टन्समधून, म्हणजे ती कमी करणाऱ्या भागातून, जाते आणि शेवटच्या स्पीडला थेट मोटरला. फुल स्पीडवर आवाज हवेच्या घोंघावण्यात बुडतो, पण तोल गेलेला पंखा तेव्हाच बुशला सर्वात जास्त झिजवतो. तुमचा पंखा फक्त शेवटच्याच स्पीडला चालत असेल तर आधी रेझिस्टन्स तपासा. तो हवेच्या वाटेत मुद्दाम बसवलेला असतो, गार राहावा म्हणून. कचऱ्याने पंखा अडखळला की रेझिस्टन्सला हवा मिळत नाही आणि तो जळतो.

मोठ्या फ्यूजबद्दल दोनच वाक्यं. फ्यूज वायर वाचवण्यासाठी आहे, अडलेली मोटर जास्त करंट ओढते म्हणून तो उडतो. वीसच्या जागी तीसचा टाकलात तर फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापेल.

ज्यांनी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये झोपायची सोय करून ताडोबा-मेळघाटच्या फेऱ्या सुरू केल्यात, त्यांनी हा मेसेज तर मुळीच वापरू नये. मुक्कामासाठी बसवलेला डिझेल हीटर स्वतःची ज्योत पेटवून हवा तापवतो. बटण बंद केल्यावरही त्याचा पंखा काही मिनिटं फिरत राहतो, कारण आतला भाग गार करायचा असतो. हा बिघाड नव्हे. आवाज नको म्हणून मेन स्विच पाडला तर हीटर आतल्या आत तापतो. आणि त्या हीटरमधून नवा खडखडाट आला तर वापर थांबवून धुराचा पाइप सांध्यात सैल झालाय का ते आधी पाहा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा: "हीटरचा पंखा वेगळा, बंद ठेवा." बहुतेक गाड्यांत एसी आणि हीटर दोघांना एकच ब्लोअर हवा देतो. हीटरची ऊब इंजिनच्या कूलंटमधून येते, एसीचा गारवा दुसऱ्या कॉइलमधून, पंखा मात्र तोच. डिसेंबरात दुर्लक्ष केलेला खडखडाट मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत चंद्रपूरच्या रस्त्यावर पंखा बंद पाडेल. त्याआधी धोका आहे तो काचेचा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या आणि तलावांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटे धुकं असतं, गाडीत चार माणसं बसली की काच आतून धूसर होते. ती पुसायचं काम हाच पंखा करतो: हवा काचेवर, बाहेरची हवा चालू, हीटर सुरू, एसी असेल तर तोही सोबत. गाडी लावताना मात्र "आतली हवा" करून चावी काढा. बऱ्याच गाड्यांत त्याने बाहेरच्या हवेची वाट फ्लॅपने बंद होते, आणि निंबाची पानं आत उतरत नाहीत.