भातावर उगवली म्हणजे पाचट खाईलच असं नाही

मेसेज परत फिरतोय. झाडाखालची माती घ्या, मडक्यात शिजलेला भात घालून पुरा, आठवड्यात पांढरी बुरशी येईल, ती सेल्युलोज खाणारी, उसाच्या पाचटावर मारा, १५ दिवसांत खत. काल काकांनी पाठवला, "तू हेच शिकलीस ना, बघ जरा" म्हणून, तर बघितलं.

भातात स्टार्च असतो हो, पाचटात मुख्यतः सेल्युलोज! स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, पण जोड वेगळा, सेल्युलोजचा जोड आपल्याला तोडता येत नाही, नाहीतर आपणही कडबाच खाल्ला असता. भातावर आधी कापसासारखं पांढरं आणि मग काळे ठिपके येतात ती बहुतेक शिळ्या पावावरचीच बुरशी. सेल्युलोज खाणारी बुरशी शोधताना लॅबमध्ये म्हणूनच खायला फक्त सेल्युलोज ठेवतात, जमलं तर वाढ नाहीतर उपाशी रहा. ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी, जिच्यावर सेल्युलेजची, म्हणजे सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमची, बरीचशी इंडस्ट्री उभी आहे, ती दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याच्या कुजक्या सुती कापडावर सापडली, भातावर नाही.

मग मेसेजसोबतचा तो फोटो, लॅबमधली लाल प्लेट, मध्ये पिवळट गोल, "जितका मोठा गोल तितकी ताकद". इथे मी स्वतः फसलेय. प्लेटमध्ये असतं सीएमसी, म्हणजे पाण्यात विरघळणारं सेल्युलोज, वर काँगो रेड हा लाल रंग ओतून मिठाच्या पाण्यानं धुतलं की साखळी तुटलीय तिथला रंग निघून जातो. पण साखळी मधूनच कापणारं एकटं एन्झाइम असलं तरी गोल येतो, टोकाकडून सोलणारं आणि शेवटी ग्लुकोज सुटं करणारं आहे का ते कळतच नाही, आणि पाचटातलं सेल्युलोज काही असं विरघळून बसलेलं नसतं. एम.एस्सी.ला सगळ्यात मोठ्या गोलाचं कल्चर मिरवत सरांकडे नेलं, फिल्टर पेपरच्या, म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोजच्या, पट्टीवर टाकलं, तीन आठवड्यांनी पट्टी जशीच्या तशी, आणि जेमतेम गोलवाल्याच्या ट्यूबमध्ये हलवल्याबरोबर लगदा.

१५ दिवस तर सोडाच. पाचटात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा चिवट पदार्थ, आहे, त्याला ट्रायकोडर्मा फारसा हात लावत नाही, शिवाय नत्र कमी, म्हणून तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं कल्चर सांगतात, आणि तरी महिने जातात.

काकांना म्हटलं, भाताऐवजी जुन्या सुती धोतराची चिंधी पुरा, कुजली की तिच्यावरची बुरशी बघू. काकू म्हणाली धोतराला हात लावायचा नाही.