आगमनकाळाबद्दलच्या मेसेजचा खुलासा

सोलापुरातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या ग्रुपांवर आगमनकाळाबद्दल, म्हणजे नाताळाच्या आधीच्या काळाबद्दल, एक मेसेज फिरतोय : 'आगमनकाळ फक्त आनंदाचा. या चार आठवड्यांत क्रूसाचं नाव काढू नये, जांभळं कापड वापरू नये, ते लेंटचं (ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचं).' गेल्या रविवारी मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, क्षमा करा.

जांभळा रंग दोन्ही काळांचा आहे. नाताळाच्या आधीचे चार रविवार आनंदाचे आहेतच, पण पश्चात्तापाचे आणि वाट पाहण्याचेही आहेत. प्रभूच्या पुनरागमनाची वाट त्यातच आली. आणि दुःखसहन तर जन्मकथेतच आहे. बायबलमधला लूक २ उघडून बघा : मंदिरात बाळ येशूला हातात घेऊन शिमोन नावाचा भक्त देवाचे आभार मानतो आणि लगेच मरीयेला सांगतो, तुझ्या जिवातून तलवार जाईल. एवढंसं बाळ, आणि आईला हे ऐकावं लागलं! गव्हाणीपाशीच क्रूसाची सावली पडली होती.

मेसेज वाचून आमच्या आत्यांनी वेदीवरचं जांभळं कापड घडी करून पेटीत ठेवलं होतं. काल मी ते इस्त्री करून परत घातलं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल त्यांनी हा खुलासा त्याच ग्रुपवर टाका.