आधी ती खिडकी सुधारा, मेगापिक्सेल नंतर बघू

रेंजफाइंडर (वरच्या खिडकीतून बघून हाताने फोकस करायचा कॅमेरा) वापरणाऱ्या चार माणसांना विचारा की नवीन कॅमेऱ्यात काय हवंय, यादी तोंडपाठ असते. ईव्हीएफ (डोळ्याला लावायची छोटी इलेक्ट्रॉनिक स्क्रीन) द्या, स्टॅबिलायझेशन द्या, जमलंच तर ऑटोफोकस, थोडा व्हिडिओ, आणि हे सगळं बसवा लायकाच्या एम६ या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीत आणि विका फुजीच्या भावात. आता एवढं सगळं दिल्यावर जो कॅमेरा तयार होतो तो बाजारात ढिगाने पडलाय की, मिररलेस म्हणतात त्याला!

आणि लायकाने ऐकलं बरं का लोकांचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम ईव्ही१ आणला. लेन्सा त्याच एम मालिकेच्या, बॉडी साधारण त्यांच्या डिजिटल एम११चीच, फक्त रेंजफाइंडर काढून टाकला आणि तिथे ५७.६ लाख डॉटचा ईव्हीएफ बसवला. पुढच्या बाजूला फ्रेमलाईन (खिडकीत फोटोची हद्द दाखवणाऱ्या रेषा) बदलायचा जो खटका असायचा त्यालाही आता दुसरी कामं लावलीयेत. माझा त्यावर राग नाही, डोळे थकलेल्यांना तो सोयीचाच पडेल, मीही चाळिशी ओलांडलीये त्यामुळे फार बोलत नाही. पण विशलिस्ट करता करता मूळ वस्तूच गायब झाली हे कुणीतरी म्हणायला हवं ना.

ज्यांनी कधी रेंजफाइंडर हातात घेतला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. कॅमेऱ्याच्या पुढे दोन खिडक्या असतात, एकमेकींपासून काही सेंटीमीटरवर. मोठीतून आपण बघतो, आणि छोटीतून आलेलं चित्र आरशा-प्रिझममधून फिरून मोठीच्या मध्यावर एका उजळ चौकोनात पडतं. लेन्सची रिंग फिरवली की लेन्सचा मागचा कॅम बॉडीतल्या एका बारक्या चाकाला ढकलतो आणि त्या चौकोनातलं चित्र आडवं सरकायला लागतं. समोरच्या माणसाला दोन नाकं दिसतात, ती एकमेकांवर आली की फोकस झालं. बॅटरी लागत नाही. वर फ्रेमलाईनच्या बाहेरचंही दिसत असतं, म्हणजे सायकलवाला फ्रेममध्ये शिरायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं की येतोय, आणि ती सगळी मजा याच खिडकीत आहे, लायकाच्या लोगोच्या लाल ठिपक्यात नाही.

म्हणून माझी यादी खिडकीपासून सुरू होते. १९५४ च्या एम३चं मॅग्निफिकेशन (खिडकीतलं चित्र नुसत्या डोळ्याला दिसतं त्याच्या किती पट) ०.९१ होतं. आजच्या एम११चं ०.७३. कारण माहितीये मला, एम३मध्ये फक्त ५०, ९० आणि १३५ मिलिमीटर लेन्सच्या रेषा होत्या, आता जास्त रुंद दिसणारी २८ पण दाखवायचीये म्हणून चित्र बारीक करावं लागतं. ठीक. पण फिल्मच्या काळात एम६ टीटीएल ०.५८, ०.७२ आणि ०.८५ अशा तीन फाइंडरमध्ये मिळायचा, आपल्या लेन्सप्रमाणे घ्या. डिजिटलमध्ये मात्र सगळ्यांना एकच. ज्याला आयुष्यभर ५०नेच फोटो काढायचेत त्याने २८च्या रेषेचं ओझं का वाहायचं? जपानच्या कोसिना कंपनीने २००४ मध्ये फोइग्टलेंडर नावाखाली बेसा आर३ए काढला होता, त्याचा फाइंडर चक्क १:१. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं, समोरचा रस्ता जसाच्या तसा आणि रेषा हवेत तरंगताहेत असं वाटतं. एकदा तसं बघितलं की बाकीचे फाइंडर बोगद्यासारखे वाटायला लागतात.

मग फ्रेमलाईन. ५०ची लेन्स लावली की ७५ची रेषही बोनस म्हणून येते, ३५बरोबर १३५, २८बरोबर ९०. कोण लावतं हो १३५? आणि त्या रेषा एका ठराविक अंतरासाठीच बरोबर असतात. डिजिटल एम८मध्ये ०.७ मीटरसाठी आखल्या, लांबचं काढायला गेलं की रेषांत दिसत होतं त्यापेक्षा फोटोत बरंच जास्त यायचं. लोकांनी आरडाओरडा केला, मग एम८.२मध्ये २ मीटर केलं, एम९मध्ये परत १ मीटर, एम २४०मध्ये पुन्हा २ मीटर. अरे ठरवा काहीतरी! बरं एम २४०पासून रेषांना एलईडीचा उजेड दिला, पण आतला साचा तोच, जोडीजोडीनेच येणार. माझं म्हणणं एवढंच की जी लेन्स लावलीये तिचीच एक रेष दाखवा आणि फोकसच्या अंतराप्रमाणे ती लहानमोठी होऊ द्या. ६० मेगापिक्सेलचा सेन्सर बनवणाऱ्यांना हे अशक्य असेल यावर माझा विश्वास नाही.

६० मेगापिक्सेलवरून आठवलं. फिल्मवर फोकस केसभर हुकला तरी खपून जायचं, एम११च्या फाइलमध्ये शंभर टक्क्यांवर बघितलं की डोळ्याऐवजी कान शार्प दिसतो. स्कूटरवर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला, आणि आमचे पुण्याचे रस्ते बघता, रेंजफाइंडर हलणं म्हणजे कधीतरी होणारच. मी बाहेर पडायच्या आधी गच्चीवरून लांबच्या टेकडीवरचा मोबाईल टॉवर बघतो, इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या फोकसला) एकच टॉवर दिसला तर आपण सुखी, दोन दिसले की मूड गेला. वर-खाली सरकला असेल तर अजूनच ताप. हे जुळवणारे जुने कारागीर कमी होत चाललेत आणि बॉडी बाहेर पाठवायची तर काही महिने विसरा. मग आपल्याला आपलं जुळवता येईल असा एखादा स्क्रू झाकणाखाली द्यायला काय होतं? सेव्हन आर्टिझन्सने आपल्या ५० एफ १.१ लेन्सचा कॅम वापरणाऱ्याने स्वतः जुळवायची सोय दिली होती. स्वस्त चिनी लेन्स म्हणून नाकं मुरडली लोकांनी, पण ही अक्कल महागड्यांना सुचली नाही.

लेन्सच्या बाबतीत तर यादी उलटीच व्हायला हवी. एफ ०.९५, एफ १.१ अशा भरपूर उजेड घेणाऱ्या लेन्सा, सगळ्यांना अंधारात पापणी शार्प आणि कान धूसर हवाय. एवढा मोठा डबा लावला की फाइंडरचा उजवा-खालचा कोपरा लेन्सनेच झाकला जातो, मग रेंजफाइंडर घेतला कशाला? मला हवी एफ २.८ची छोटी २८, बोटात बसणारा फोकस टॅब असलेली, म्हणजे न बघता कळतं की टॅब सहाच्या काट्यावर आहे म्हणजे साधारण अमुक अंतर. कोसिनाचे लोक अशा बनवतात अजून, देव त्यांचं भलं करो.

आणि जवळचं फोकस. लायकाची २०२२ची समीलक्स ३५ ही लेन्स चाळीस सेंटीमीटरपर्यंत जाते, छानच, पण रेंजफाइंडर ०.७ मीटरलाच थांबतो, रिंगमध्ये तिथे जरा अडल्यासारखं लागतं आणि त्यापुढे स्क्रीनवर बघा. १९५६ मध्ये ड्युअल रेंज समिक्रॉन लेन्स यायची, तिला पुढून चष्म्यासारखं भिंग अडकवलं की ४८ सेंटीमीटरपर्यंत खिडकीतूनच फोकस व्हायचं. म्हणजे आपण पुढे गेलो का मागे?

(पावसाळ्याचं वेगळं लिहीन कधीतरी. आमच्याकडे जूनपासून फाइंडरच्या आत बुरशी धरते, सिलिका जेलचा हवाबंद डबा हाच उपाय. कॅमेरा तांदळात ठेवा म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.)

राहता राहिला पैसा. एम६ परत आणला २०२२ मध्ये तो ५,२९५ डॉलरला, एम११ त्याच वर्षी ८,९९५ डॉलरला. हे आपल्या गावचं काम नाही. डिजिटल रेंजफाइंडर बनवणारी फ्रान्सची पिक्सी आहे, प्रयत्न चांगला आहे, पण छोटी कंपनी. माझी सगळी आशा कोसिनावर. जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर, एप्सन आर-डी१, २००४ मध्ये त्यांच्याच बेसाच्या बॉडीवर उभा राहिला होता, ६ मेगापिक्सेल, १:१ फाइंडर, वर घड्याळासारखे काटे, आणि डिजिटल असून शटर चढवायला फिल्मसारखा लिव्हर ओढायचा! हात त्यांचे, लेन्सा त्यांच्या, फक्त सेन्सर कुणाकडून तरी घ्यायचाय. २४ मेगापिक्सेल पुरे, व्हिडिओ नको, मागे स्क्रीन नसली तरी माझी तक्रार नाही. एकेक फाइंडर माणसाने बसून जुळवावा लागतो आणि गिऱ्हाईक मूठभर, म्हणून कुणी हात घालत नाही, ते कळतं मला. तरी मी हट्ट सोडणार नाही.

तुमची यादी खाली लिहा. फक्त ऑटोफोकस लिहू नका प्लीज, ते हवं असेल तर कॉन्टॅक्स जी२ १९९६ मध्येच येऊन गेलाय, जुना शोधा आणि घ्या.