सान्नांतले जंतू वाफेतच मरतात हो
पोटातल्या चांगल्या जंतूंवरचा लेख बरा आहे, पण त्यातलं 'सुराची सान्नां खा, चांगले जंतू आपोआप पोटात जातात' हे काही पटलं नाही. अहो, सान्नां म्हणजे सुर (माडी) घालून फुगवलेल्या गोव्याच्या तांदळाच्या इडल्या, त्या उकडतात ना! आमच्या फोंड्याच्या घरी आई पीठ रात्रभर फुगवते, सकाळी वाफेवर ठेवते, तेवढ्यात सुरातलं यीस्ट मेलं, उरते ती जाळी आणि आंबूस चव (ती मात्र झकास).

मला सहा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, महागाच्या प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंच्या) कॅप्सूल तीन महिने खाल्ल्या, फरक शून्य. लेखात राहिलंय ते हे की आत आधीच असलेल्या जंतूंना आपण खायला काय देतो, कारण चोथा आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, मोठ्या आतड्याचं अस्तर बरंचसं त्यावरच जगतं आणि प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या टी-पेशीही (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्याने वाढतात, २०१३ मध्ये उंदरांवर दिसलंय हे. म्हणून पोट शांत असताना मी अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), तांबडी भाजी (लाल माठ) खातो. भडकलं की तेच अळसांदे रात्रभर पळवतात, तेव्हा उकड्या तांदळाची पेज नि मीठ, बस. आणि एकदा शहाणपणा करून मेसालाझिन (या आजारातली सूज आवरणारं औषध) सोडलं, दोन महिन्यांत शौचातून परत रक्त.